कुडाच्या घरांची यादी

मुळशीतलं आमचं गाव कुडाच्या घरांसाठी ओळखलं जायचं. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, त्यावर शेणमाती लिंपायची, झाली भिंत. एकाच छपराखाली पुढे बैल, मागे माणसं. माझा जन्म अशाच घरातला. आता मी सूसला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते आणि तिथून त्या घरावर फार प्रेम करते.

घरात राहते माझी भावजय, तुळजाबाई. खरं कुडाचं घर गावात तेवढंच उरलंय. गेल्या हिवाळ्यात जुन्या घरांची यादी करायला समिती येणार असं कळलं. यादीतल्या घरात पुढे काही बदलायचं नाही, नवी खिडकीसुद्धा काढायची नाही, असा नियम. तुळजाबाईला तर घर पाडून स्लॅबचं बांधायचं होतं.

"वहिनी, हे घर जपायला हवं," मी म्हणाले.

"व्हय वन्सं. मग या की ऱ्हायला. मी जाते तुमच्या लिफ्टच्या घरात."

मी विषय बदलला.

सरपंच किशोरला मात्र गाव यादीत हवं होतं, पण एका घरावर गाव कसं येणार? युक्ती मीच सांगितली: सिमेंटच्या भिंतींवर शेणमाती लिंपा. माती किती, शेण किती, भाताचं तूस किती, मला अजून पाठ आहे. आठ दिवसांत बारा घरं माझ्या देखरेखीखाली म्हातारी झाली.

समितीच्या बाईंनी किशोरच्या भिंतीवरून हात फिरवला. "किती सरळ! काय कौशल्य जुन्या लोकांचं!" किशोरने मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

तुळजाबाईची भिंत कललेली, छपरावर निळी ताडपत्री, दाराला पत्रा. "फार फेरफार झालेत. हे मूळ शैलीत बसत नाही," म्हणत बाईंनी नाव खोडलं.

"अहो, हेच तर..." मी पुढे झाले.

तुळजाबाईने माझा दंड धरला. "वन्सं, गप ऱ्हावा. पाया पडते तुमच्या."

मी बाईंना पुढच्या घराकडे घेऊन गेले.

मे महिन्यात तिने जुनं घर पाडून स्लॅब टाकला. किशोरच्या बायकोला, शुभांगीला, स्वयंपाकघराला खिडकी हवी आहे, मिळणार नाही; घर यादीत आहे. सिमेंटवर शेणमाती टिकत नाही, दर पंधरा दिवसांनी लिंपावं लागतं. आणि गावात जनावरं आता फक्त तुळजाबाईकडे. सरपंच शेणासाठी बादली घेऊन तिच्या दारात उभा राहतो.

"पाय पुसून ये रं," ती आतून ओरडते, "फरशी हाय हितं."