निळी डावीकडे का जाते

आमच्या गाडीचं नाव निळी. ती माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे, म्हणजे खरं तर मी तिला ताई म्हणायला हवं. मी जन्मले तेव्हा दवाखान्यातून मला घरी तिनेच आणलं. आणि माझं फार पूर्वीपासून ठाम मत आहे की निळीला स्वप्नं पडतात.

पुरावा आहे. स्टीअरिंग जरा सैल सोडलं की ती हळूच डावीकडे निघायची. झोपेत माणूस कूस बदलतो ना, तशी. लहान असताना मी मागच्या सीटवर आडवी पडून विचार करायचे, हिला सोडूनच दिलं तर ही जाईल कुठे? आधी नदीवर. मग डावीकडे, मग परत डावीकडे, अख्ख्या पुण्याला एक मोठ्ठी चक्कर मारून दिवेलागणीला परत शनिवार पेठेत, आमच्या गल्लीत. प्रदक्षिणाच, फक्त उलटी.

बाबाला यातलं काही जाणवायचं नाही. तो स्टीअरिंग किंचित उजवीकडे धरून चालवायचा, वर्षानुवर्षं, आणि आपण तसं धरतो हे त्याला माहीतसुद्धा नव्हतं.

मग या वर्षी आई गाडी शिकली.

माझी आई भूमिती शिकवते. तिच्या शाळेने तिला जूनपासून शहराबाहेरच्या मांजरी गावातल्या नव्या शाखेवर पाठवायचं ठरवलं, आणि तिने ठरवलं की स्वारगेटला बस बदलत, लोंबकळत जायचं नाही, निळीने जायचं. लायसन्स काढलं. गॉगल घेतला. माझ्या आईने! गॉगल!

पण बाबा शेजारी बसला की रोज तेच.

"हेमा, डावीकडे चाललीस."

"अहो, मी सरळच धरलंय."

"बरोबर. तू सरळ आहेस. रस्ताच उजवीकडे सरकतोय."

आई ओठ आवळून स्टीअरिंग घट्ट धरायची. जितकं घट्ट, तितकी घाबरायची. एकदा एका दुधवाल्याच्या सायकलला जेमतेम चुकवलं आणि त्या दिवशी ती घरी येऊन म्हणाली, "माझ्या हातातच काहीतरी वाकडं आहे बहुतेक."

मागच्या वर्षीपर्यंतची सुरुची हे ऐकून गप्प बसली असती. पण दहावीत आल्यापासून मी वर्गात हात वर करायला लागले आहे, आणि एकदा सवय लागली की हात घरीही वर जातो. मी जेवताना हात वर केला.

"आई नाही जात डावीकडे. निळी जाते."

"या निळीच्या वकीलबाई," बाबा म्हणाला. पण रविवारी आला. आला म्हणजे आम्ही त्याला नेलं.

स्वारगेटजवळ चेतनदादाचं अलाइनमेंटचं दुकान आहे. त्याने निळीला खड्ड्यावर उभं केलं, चारी चाकांना चकचकीत तबकड्या लावल्या आणि समोरच्या पडद्यावर आकडे उमटले. सगळे लाल. मला ते फार सुंदर वाटलं, जणू निळीची पत्रिकाच उघडली होती.

"पुढची दोन चाकं समांतर नाहीत," चेतनदादा म्हणाला.

समांतर हा शब्द ऐकून आई खुर्चीवरून उठलीच. "किती अंशांचा फरक आहे?"

त्याने दाखवलं. डाव्या टायरची एक कड पार घासून गुळगुळीत झाली होती. मग तो खड्ड्यात उतरला आणि खालून एक दांडा थोडा थोडा फिरवत राहिला. पडद्यावरचे लाल आकडे एकेक करून हिरवे होत गेले.

परत येताना आई चालवत होती. सकाळची वेळ, रस्ता जवळपास मोकळा, वर झाडांच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, आणि निळी त्याखालून पाण्यावरून जावं तशी गेली. आईचे हात स्टीअरिंगवर नुसते ठेवलेले होते, पेटीवर ठेवतात तसे. मला वाटलं, आत्ता आपण तिघंही निळीच्या स्वप्नात आहोत, हळू श्वास घ्यायला हवा.

गल्लीच्या तोंडाशी आई उतरली आणि बाबा चालवायला बसला. गाडी लावायची बाबानेच. आमची गल्ली इतकी अरुंद आहे की कडेचा उंच दगड असतो ना, त्यावर डावी चाकं चढवून गाडी लावायची असा गल्लीचा रिवाजच आहे. नाहीतर रिक्षा जात नाही आणि शेजारचे श्यामसुंदरकाका खिडकीत येऊन म्हणतात, "रस्ता आपण विकत घेतलात का? पेढे नाही दिलेत."

ठक्. मग ढुप्.

पुढचं चाक चढलं, मग मागचं. हा आवाज मला इतका ओळखीचा आहे! लहानपणी मी त्याच्यासाठी जागी राहायचे. ठक् ढुप् झालं की बाबा आला. मग डोळे मिटायचे.

दोन-तीन आठवडे निळी शहाण्यासारखी वागली. आणि मग एका संध्याकाळी आई घरी आली ती पांढरीफटक होऊन.

"परत गेली डावीकडे."

"आता तर मशीननेही सांगितलंय गाडी सरळ आहे म्हणून," बाबा म्हणाला. वाईट हेतूने नाही, पण म्हणाला. "मग राहिलं कोण?"

आईने किल्ली खुंटीला अडकवली. गॉगल कपाटात ठेवला. "मी बसचा पास काढते," एवढंच म्हणाली, आणि पोळ्या करायला गेली. आई पोळ्या लाटताना गुणगुणते. त्या दिवशी नुसतं लाटणं ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गॅलरीत पुस्तक घेऊन बसले होते. पुस्तक मांडीवर, मी भलतीकडेच. सोनेरी उजेड समोरच्या पत्र्यांवर पडला होता. खाली निळी आली, बाबाने स्टीअरिंग पूर्ण फिरवलं, आणि त्या अर्धवट तंद्रीत मी आयुष्यात पहिल्यांदा तो आवाज वरून पाहिला.

ठक्.

दगडाला आधी भिडलं ते पुढचं डावं चाक. तिरकं. त्याच्यावर सगळी गाडी टेकली, चाक आत कललं, क्षणभर तसंच राहिलं, आणि मग निळी चढली. रोज. मी जन्मायच्या आधीपासून रोज, त्याच चाकावर.

निळी स्वप्नात नव्हती जात डावीकडे. ती लंगडत होती.

मी पायऱ्या दोन-दोन उतरत खाली गेले. "बाबा! तू तिला मारतोयस!"

"कोणाला?" तो दचकून म्हणाला.

मी सांगितलं. तो आधी हसला. "अगं, सगळी गल्ली दगडावरच लावते."

"मग सगळी गल्ली डावीकडे जात असेल!"

वरून खिडकीतून श्यामसुंदरकाकांचा आवाज आला, "आमची जाते बुवा जराशी. मी समजत होतो, माझं वय झालं."

बाबा हसायचा थांबला. मी म्हटलं, "चल, आत्ता. आईला घेऊन."

आम्ही नदीकाठच्या एका मोकळ्या रस्त्यावर गेलो. बाबा चालवत होता, आई शेजारी, हाताची घडी घालून. "आता हात सैल सोड," मी मागून म्हटलं. "तुझी सवय सोड."

त्याने गाडी अगदी हळू केली आणि बोटं उघडली. निळी तिच्या त्या जुन्या, झोपाळू वळणाने डावीकडे निघाली. बाबा बघत राहिला. स्वतःच्याच हातांकडे. कडेला आल्यावर त्याने गाडी थांबवली.

"हेमा," तो म्हणाला, "तू सरळच धरत होतीस."

आई काचेतून बाहेर नदीकडे बघत होती. "मग मी काय म्हणत होते!" म्हणाली, आणि हाताची घडी सोडली.

चेतनदादाने या वेळी चाक काढूनच पाहिलं. चाकाला धरून ठेवणारा खालचा आर्म वाकला होता. "मागच्या वेळीच बघायला हवं होतं मी," तो कान पकडत म्हणाला. आर्म बदलला, आकडे पुन्हा हिरवे झाले.

राहिला प्रश्न दगडाचा. चाकं चढवली नाहीत तर गल्ली बंद. तो आईनेच सोडवला. पलीकडच्या शाळेच्या मैदानालगत जागा आहे, तिथे लावायची आणि घरी चालत यायचं.

"एवढं चालायचं? रोज?" बाबा.

"रस्ता उजवीकडे सरकला तर लवकर पोचाल," आई म्हणाली. मी टाळ्याच वाजवल्या.

जूनच्या आधीच्या रविवारी आई मला मांजरीचा रस्ता दाखवायला घेऊन गेली. गॉगल लावून. नव्या इमारती संपल्या, दोन्ही बाजूंना ऊस लागला, वाऱ्यावर तो एकदम एका बाजूला झुकायचा आणि निळी मधून सरळ, सरळ, सरळ. आई गुणगुणत होती. मी काच खाली करून हात बाहेर काढणार होते, आईने आरशातूनच डोळे मोठे केले. आता निळी कुठे जाते? आई बघते तिकडे.

परत आल्यावर मी पुढे पळत येऊन गॅलरीत बसले. उजेड पत्र्यांवर तसाच होता. कानांना सवयीने ठक् ढुप् हवं होतं, आणि ते येणार नव्हतं. थोडं चुकल्यासारखं वाटलं, खरंच.

मग गल्लीच्या टोकाकडून चपलांचा आवाज आला. बाबा मैदानापर्यंत आईला आणायला गेला होता. दोन जोड्या, एका तालात नाहीत. मधेच किल्ली खुळखुळली, आई काहीतरी म्हणाली आणि बाबा हसला.

मी डोळे मिटले.