दहावं शीट

कशेळ्याच्या नाक्यावर दशरथची जीप उभी असते आणि दहा शिटं भरल्याशिवाय ती हलत नाही. हा नियम काही दशरथने केलेला नाही, पण त्याच्याइतका तो कुणी पाळतही नाही. लग्नाचं वऱ्हाड येवो नाहीतर मंत्री, नऊ म्हणजे नऊ, दहा नाहीत.

त्याच्या शेजारच्या शिटावर रोज सकाळी संजना बसते. वय अठरा, वरच्या वाडीतली, कडावच्या पुढे रोपांच्या नर्सरीत कामाला. तिला सतराचा पाढा येतो, दीडशे झाडांची नावं येतात. "काल मी कुनाच्या गाडीत गेले, काका?" हेही ती रोज विचारते.

तिची आई कोंडी हिने पहिल्या दिवशीच दशरथला सांगून ठेवलं होतं. "डाक्टर म्हनतो, जल्मताना मेंदूला ऑक्सिजन कमी पडला. शिकलेलं ऱ्हातं, पन घडलेलं ऱ्हात नाय. ल्हानपनी कळलं नाय, शाळेत गेल्यावर समजलं. तवा नर्सरीपाशी आठवनीनं उतरव, भाऊ."

पोर जन्मली कुठे, ते कोंडी बोलली नाही. दशरथला ठाऊक होतं. याच जीपमध्ये, मधल्या बाकावर. निळी पडली होती आणि बराच वेळ रडली नव्हती. त्या दिवशी गाडी सुटायला उशीर का झाला, ते त्याने अठरा वर्षांत बायकोलाही सांगितलं नव्हतं.

सोमवारी त्याने संजनाला सांगून टाकलं. "तुझी आई अडली होती, आनि मी नाक्यावर अर्धा तास शीट भरायची वाट बघत बसलो. चुकलं माझं."

"असू द्या, काका. गाडी भराया लागतेच की."

त्या दिवशी दशरथ दुपारी दोनदा जेवला.

मंगळवारी तिला काहीच आठवेना. माफी फुकट गेली म्हणून त्याने पुन्हा सांगितलं, फक्त आता उशीर पाव तासाचा होता. तिने पुन्हा माफ केलं. सवय लागायला माणसाला एवढं पुरतं. बुधवारच्या सांगण्यात शिटांचा प्रश्नच उरला नाही, टायर पंक्चर झाला. गुरुवारी त्याने कोंडीला लिंबूपाणी आणून दिलं. शुक्रवारी तिला पाठीवर घेऊन तो कडावच्या दवाखान्यापर्यंत पळाला. संजनाच्या डोळ्यांत पाणी आलं. "लई उपकार हायत तुमचे, काका." दशरथने ते मोठ्या मनाने पत्करले.

शनिवारी गाडी सुटल्यावर तिने पिशवीतून वही काढली.

"ह्ये काय गं?"

"डाक्टरनी सांगितलंय, रोजचं लिवायचं, शनिवारी वाचायचं." ती मोठ्याने वाचू लागली. "सोमवार. दशरथकाका अर्धा तास थांबले. मंगळवार, पाव तास. बुधवार, पंक्चर. गुरुवार, लिंबूपानी. शुक्रवार, पाठीवर." तिने पेनाचं टोपण काढलं. "काका, मी येकदाच जल्मले ना? मंग यातलं कुठलं ठेवू? बाकीचं खोडते."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. तिच्या आवाजात मात्र टोमणा नव्हता. असता तर दशरथला बरं वाटलं असतं.

"समदंच खोड," तो म्हणाला. "लिही. चाळीस मिन्टं. नऊ शिटं झाली होती. दहावा चांगो, तो वडापाव खात होता. आलोच म्हनला. तुझी आई वरडत होती आनि मी इंजिन बंद करून बसलो." त्याने गिअर बदलला, गरज नसताना. "आनि चांगो पुढच्याच फाट्यावर उतरला."

तिने सगळं लिहिलं. मग बोटं मोजली. "आईला धरून नऊ?"

"हां."

"आनि मी?"

"तुला धरलं नव्हतं."

"धरलं असतं तर दहा झाली असती की, काका."

हिशोब बरोबर होता. तेही तिने लिहून घेतलं.

नर्सरीपाशी ती उतरताना दशरथ सवयीने, माफीच्या आशेने, तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "सोमवारी वाचून बघते," ती म्हणाली, तसं वहीत टिपलं आणि गेली.

सोमवारी ती जीपशेजारी उभी राहून वही वाचत होती. वाचून झाल्यावर तिने दशरथकडे पाहिलं, आणि मागच्या बाकावर जाऊन बसली.

"दशरथ, पुढं येक शीट रिकामं हाय रं," मागून कुणी म्हणालं. "थांबायचं ना?"

दशरथने किल्ली फिरवून गाडी काढली. आरशात संजना घड्याळात बघून वहीत वेळ लिहीत होती.