ढोलीतल्या आईचं विचारायचं राहिलं

मित्रांनो, मी एक जुना बेहडा आहे. लांज्याच्या पुढे एका गावात देवीची राई आहे, तिथे मी उभा आहे. एखाद्या शेकरूच्या तोंडातून बी पडलं असेल, मी रुजलो. राईतली पडलेली काटकीसुद्धा चुलीला न्यायची नाही, असा गावाचा नेम. म्हणून वाढत राहिलो.

एका वादळात माझी फांदी मोडली आणि तिथे ढोली पडली. तेव्हापासून ककणेराची, म्हणजे धनेश पक्ष्याची, जोडी दरवर्षी येते. मादी आत बसते आणि आपल्याच विष्ठेने दार लिंपून घेते. चोचीपुरती फट उरते. तिची पिसं गळतात, उडता येत नाही. नर बाहेरून नांद्रुकाची फळं भरवतो, त्यावर ती आणि पिल्लू जगतात.

आज, चौऱ्याऐंशी सालच्या चैत्रात, गावच्या शाळेची सहल राईत आली. श्रीपती गुरुजींनी मुलांना कडेलाच चपला काढायला लावल्या. मुलं गारंबीच्या वेलावर झुलली, शेकरू बघून ओरडली. दुपारी माझ्याखाली त्यांनी भाकऱ्या सोडल्या. तेवढ्यात नर आला, आणि गलका ऐकून मागे फिरला.

"गप ऱ्हावा रे, आतली उपाशी हाय," मुलांतली चिमा म्हणाली.

सगळी मुलं गप्प झाली. नर पुन्हा आला. आतून पिल्लाचा बारीक आवाज आला. मित्रांनो, इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

मग भिकाजी गुरव चुन्याचं मडकं घेऊन आला. माझ्या बुंध्याला त्याने पांढरा पट्टा ओढला.

"देवळाच्या मंडपाला लाकूड हवं, गुरुजी. कौल मागायला देवीला पाकळ्या लावल्या, उजवी पडली. होकार मिळाला. उद्या करवतवाले येतील."

चिमा पुढे झाली. "आजोबा, देवीला काय इचारलात?"

"बेहडा तोडू काय, म्हणून."

"आतल्या आईचं इचारलात?"

भिकाजीने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "नाय गो बाय. ध्यानातच आलं नाय."

"मग आता इचारा."

"दिलेला कौल परत इचारायचा नसतो. देवीचा शब्द तो."

"दीड महिना थांबा," गुरुजी म्हणाले. "पिल्लू उडून जाईल."

"मिरगाच्या आत मंडप उभा ऱ्हायला हवा, गुरुजी. माझ्या एकट्याच्या हातात काय हाय?"

गुरुजींनी मुलांच्या रांगा लावल्या. चिमा रडत नव्हती, चालतही नव्हती. तिला हाताला धरून न्यावं लागलं.

मित्रांनो, माझं वय झालं आहे, माझ्यासाठी मी काही मागत नाही. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, एखादं झाड तोडायचं ठरवाल. तेव्हा देवाला विचारण्याआधी मान वर करून बघा. आत कोणी आहे का, ते बघा.

ऊन उतरलं आहे. नर आजची शेवटची खेप घेऊन आला आहे आणि ती फटीतून चोच बाहेर काढते आहे. तिला काही सांगता येत नाही मला. फांदी हलू नये म्हणून मी जपून उभा आहे.