पन्नास यार्डांवरचं ताट

लायल पिकेटनं गोळ्यांचं खोकं काउंटरवर असं आदळलं, जणू त्यात नासकी अंडी निघाली असावीत.

"हे बदलून दे."

ट्रीनानं झाकण उघडून पाहिलं. निम्म्याहून जास्त घरं रिकामी होती. ट्रीनाच्या दुकानात बंदुकांच्या शेजारी गळाला लावायची गांडुळं मिळत आणि गांडुळांच्या शेजारी दूध-पाव मिळे, त्यामुळे नाना तऱ्हेच्या तक्रारी ऐकायची तिला सवय होती.

"काका, झाडलेल्या गोळ्या परत नाही घेत मी. उद्या तुम्ही खाल्लेला पाव परत आणाल."

"झाडल्या कुठं? वाया गेल्या. ही तुझी हिरव्या खोक्यातली गोळी सांगितल्या जागी जातच नाही."

"मग जाते कुठं?"

"डावीकडं. खाली." लायलनं बोट खाली रोखलं, जणू गोळी तिथंच काउंटरखाली लपून बसली होती. "नेम सरळ, हात सरळ, आणि गोळी मात्र तिच्या मर्जीची मालकीण!"

ट्रीनाला हसू आलं, ते तिनं खोक्याच्या झाकणाआड घेतलं. गेल्या आठवड्यात याच माणसानं लाल खोकंही असंच परत आणलं होतं. ती पोकळ टोकाची हलकी गोळी. 'ही घरात शिरलेल्या चोरासाठी असते काका, हरणाच्या बरगडीवरच फुलून बसेल, काळजापर्यंत पोचायची नाही,' असं तिनं आधीच बजावलं होतं. त्यानं ऐकलं नव्हतं आणि नंतर तिलाच बोल लावला होता. हिरव्या खोक्यातली गोळी वजनदार, मऊ शिशाच्या टोकाची, अगदी हरणासाठीच बनवलेली. तीही आता नापास.

"आता उरली काळ्या खोक्यातली," ती म्हणाली. "कडक शिशाची, सगळ्यांत जड. पण ती अस्वलाची आहे. धक्का असा देते की मागच्या जन्माचं आठवतं. आपल्या ओहायोत अस्वलं आहेत कुठं?"

"नसतील तर येतील," लायल म्हणाला. "दे."

"काका, एक विचारू? तुमच्या मचाणावरून हरीण दिसतं तरी किती लांबून?"

"तो प्रश्नच नाही," असं म्हणून लायलनं काळं खोकं बगलेत मारलं. उजव्या बगलेत मारलं, आणि मग खांद्यातून कळ गेली म्हणून डाव्या बगलेत घेतलं.

सगळी गडबड त्या खांद्याची होती. उन्हाळ्यात त्यावर शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरनं खांद्याला टेकवायची दस्त्याची बंदूक कायमची बंद केली. जंगलातून परत आणलेल्या हरणांच्या गोष्टी सांगण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला घरी बसवणं म्हणजे कोंबड्याला आरवू नको म्हणण्यासारखंच. तेव्हा लायलनं कपाटातलं जुनं लांब नळीचं रिव्हॉल्व्हर काढलं. चव्वेचाळीस मॅग्नम. हरणाच्या शिकारीला ते चालतं, कायद्याला चालतं, डॉक्टरला नाइलाजानं चाललं. प्रश्न होता ताटाचा.

पिकेटांच्या शिकारीच्या कॅम्पवर हरणांच्या मोसमाच्या आधीच्या शनिवारी ताट लावतात. कागदी ताटली, 'पाय' नावाचा गोड पदार्थ वाढायची असते तेवढी. हरणाचं काळीज आणि फुप्फुसं मिळून साधारण तेवढीच जागा व्यापतात. नियम लायलच्या बापानं घातलेला. जिथून हरणावर झाडणार, तिथून ताटात पाच गोळ्या बसवायच्या, पाचही. नाहीतर बंदूक खुंटीला आणि हातात सोलायचे बटाटे. जखमी हरीण झुडपात जाऊन तडफडत मरणं, याहून मोठं पाप म्हाताऱ्याला माहीत नव्हतं. म्हातारा गेला, नियम राहिला, आणि राखणदार झाला लायल. ताट नेहमी ओढ्याकडच्या बीचच्या झाडावर लागे, पन्नास यार्डांवर. लायलला पन्नासच आवडे. त्यापेक्षा जवळून मारायचं तर काठी घेऊन जावं, असं तो म्हणत असे.

त्याचा मेव्हणा बर्ल, म्हणजे बायको नेड्राचा धाकटा भाऊ, या पन्नास यार्डांपायी वर्षानुवर्षं बटाटे सोलत आला होता. आजोबांची जुनी बंदूक, जाड चष्मा. पाचातली एखादी गोळी दरवर्षी ताट सोडून बीचला लागायचीच. मग लायल खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "नियम म्हणजे नियम, बर्ल," आणि बर्ल निमूट एप्रन बांधायचा. त्याचं बीन्सचं सूप आता तालुक्यात नावाजलेलं होतं, पण त्यानं काही त्याच्या मनाचं समाधान होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धान्याच्या कोठारामागं, मातीच्या बांधाला ताट लावून, लायलनं काळ्या खोक्याचं उद्घाटन केलं. पहिल्याच बाराला त्याची टोपी मागं उडाली.

"खाली डावीकडं," उलट्या बादलीवर बसलेली नेड्रा म्हणाली. खांद्यामुळं लायलचे हात लवकर थकत, म्हणून रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या भरायचं काम तिच्याकडं होतं. कोंबड्यांना दाणे टाकावेत तितक्या सहजपणे ती ते करी.

"पाहिलंस? हिचंही तेच! एकाही कारखान्याला सरळ गोळी बनवता येत नाही आजकाल."

"तीन कारखाने," नेड्रा म्हणाली, "आणि तिघांनाही डावीकडं खालीच जावंसं वाटतं. नवल आहे."

लायलनं कानावरचे आवाज अडवायचे मफ घट्ट केले, म्हणजे ऐकू येत नाही असं धरता येईल. उरलेल्या पाच झाडल्या, बांधाच्या मातीत खड्डे झाले, ताट तसंच कोरं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात; इथं तर माणूस अंगणच बदलत चालला होता.

"भर," तो म्हणाला.

नेड्रानं जरा पाठ वळवून भरलं आणि नळी बांधाकडं ठेवत रिव्हॉल्व्हर त्याच्या हातात दिलं. पहिला बार झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला नुसतं 'टक्' झालं.

बार नव्हता, धक्का नव्हता, धूर नव्हता. तरीही रिव्हॉल्व्हरची नळी गाय पाण्याला वाकावी तशी खाली गेली, आणि लायलचे डोळे घट्ट मिटलेले होते. उघडले तेव्हा नळी त्याच्या बुटांपुढच्या गवताकडं बघत होती.

"फुसकी निघाली," तो घाईनं म्हणाला.

"हो का," नेड्रा म्हणाली.

चौथा बार झाला. पाचव्याला परत 'टक्', आणि परत नळीनं तसाच नमस्कार घातला. सहावी झाडून त्यानं पुंगळ्या फळीवर ओतल्या. काळ्या खोक्यातल्या पुंगळ्या चांदीसारख्या पांढऱ्या. त्यांच्यात दोन पिवळ्या होत्या. हिरव्या खोक्यातल्या, परवाच झाडून रिकाम्या झालेल्या.

त्यानं त्या हातात घेऊन फिरवल्या. मग नेड्राकडं पाहिलं. नेड्रा कोंबड्यांकडं बघत होती. जगात त्या क्षणी कोंबड्यांइतकं बघण्याजोगं काही नव्हतं.

लायलला शरम वाटली. साठ वर्षं बार काढलेला माणूस आवाजाच्या आधीच दचकत होता, आणि त्याचा दोष ओढून-ताणून कारखान्यांवर टाकत होता. खांदा बरा झाला होता, पण शरीराला ते पटलेलं नव्हतं. आणि दर वेळी त्यानं त्या भित्र्या खांद्याला आधीपेक्षा जास्त लाथाडणारी गोळी आणून दिली होती.

"ते काळं खोकं ठेवून दे," तो म्हणाला.

"अस्वल आलं तर?"

"तर तुझ्या भावाला पुढं करू." त्यानं घसा खाकरला. "ते हिरवं आण. आणि नेड्रा... मला न दाखवता भर."

नेड्रा उठली, जाता जाता तिनं त्याची टोपी उचलून त्याच्या डोक्यावर ठेवली.

मग रोज दुपारी हाच कार्यक्रम. दोन खऱ्या, एक रिकामी. एक खरी, दोन रिकाम्या. कधी काय, ते फक्त तिला माहीत. नळी हळूहळू वाकायची थांबली. ताटाला भोकं पडू लागली. पण पन्नास यार्डांवरून पाचातल्या तीन, फार तर चार. पाचवी काही केल्या घरी येईना.

थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला बर्ल आला तो भोपळ्याचा गोड पाय घेऊन, आणि खिशात बटाटे सोलायचं एक कोरं करकरीत सोलणं घेऊन. त्याला लाल फीत बांधलेली. ते त्यानं लायलच्या ताटाशेजारी, काट्या-चमच्यांच्या ओळीत, नीट रेषेत ठेवलं.

"हे काय?"

"काही नाही, दाजी. ट्रीना म्हणाली, तुम्ही तीन-तीन खोकी पालटलीत. म्हटलं, असू दे जवळ. एप्रनही शिवून ठेवलंय दुसरं. तुमच्या मापाचं."

"बर्ल!" नेड्रा म्हणाली, पण तिचं तोंड टर्कीकडं होतं आणि खांदे हलत होते.

"माझ्या ताटाची काळजी तू नको करूस," लायल म्हणाला. पडलो तरी नाक वर! त्या रात्री भोपळ्याचा पाय मात्र त्याला गेला नाही, आणि ही गोष्ट त्या घरात आजवर कधी झालेली नव्हती.

शनिवारी कॅम्पवर ऊन पडलं होतं आणि ओढ्याच्या कडेला बर्फाची पापडी धरली होती. नेड्रानं आपल्या पाच गोळ्या बीचवरच्या ताटात गप्पा मारता मारता बसवल्या. मग ताट बदललं आणि लायलची पाळी आली. बर्ल दारातल्या बाकावर एप्रन बांधून बसला होता. मांडीवर बटाट्यांची पिशवी, आणि पिशवीवर घडी केलेलं दुसरं एप्रन.

लायलनं वाळूच्या पिशवीवर मनगट टेकलं. रिव्हॉल्व्हरचा हातोडा मागं ओढला. बीचवरचं कोरं ताट त्या अंतरावरून बटणाएवढं दिसत होतं. नळी स्थिर होती. तरी त्याला आतून कळत होतं, चार जातील, पाचवी नाही. नशिबानं आज पाचवी गेलीही असती. पण सोमवारी, मोसमाच्या पहिल्या दिवशी, समोर ताट नसणार होतं, हरीण असणार होतं.

त्यानं अंगठ्यानं हातोडा हलकेच खाली घेतला, गोळ्या काढल्या, रिव्हॉल्व्हर वाळूच्या पिशवीशेजारी ठेवलं आणि तो चालू लागला. बीचपाशी जाऊन त्यानं ताट उपटलं, आणि परत येताना अर्ध्या वाटेवरच्या कुंपणाच्या खांबाला ठोकलं.

"दाजी," बर्ल बाकावरून अर्धवट उठला. "ताट तिथं असतं."

"ताट जिथून मी झाडणार त्या हिशेबानं असतं." लायल वळला नाही. "माझ्या मचाणापुढं झुडपं आहेत. पंचवीस यार्डांपलीकडचं हरीण मला कधी दिसलेलंच नाही. आयुष्यात नाही."

लायलनं परत येऊन पाच गोळ्या झाडल्या, घाई न करता, डोळे उघडे ठेवून. पाचही ताटात होत्या. तळहातानं झाकता आल्या असत्या.

नेड्रानं नुसता श्वास सोडला. बर्ल मात्र बंद पडलेल्या घड्याळासारखा उभा होता. हातात सोलणं, सोलण्याला सालीची लांब पट्टी लोंबत होती. तो त्या खांबाकडं बघत होता, मग बीचकडं, मग परत खांबाकडं.

"म्हणजे नियमात पन्नास नव्हतंच," तो शेवटी म्हणाला.

"नव्हतं."

"मी तर ओढ्याच्या वळणावर बसलो असतो. तिथं हरीण अंगावर पाय देऊन जाईल इतकं जवळून जातं." त्याचा आवाज चढला नव्हता, हेच लायलला जास्त लागलं. "इतकी वर्षं, दाजी. मला कुणी विचारलं नाही."

खरं होतं. लायलला उत्तर म्हणून नियम आठवला, बाप आठवला, आणि 'तूही विचारलं नाहीस' हे तर ओठांपर्यंत आलं. त्यानं ते गिळलं. मग कागदी ताटल्यांच्या गठ्ठ्यातली एक काढून तो खांबाच्या दिशेनं निघाला आणि चार पावलांवर थांबून त्यानं मागं पाहिलं.

"किती लांब लावू, बर्ल?"

बर्लनं चष्मा पुसला. हा प्रश्न त्याला नवा होता, आणि त्यानं त्याचा पुरता विचार केला.

"तीस," तो म्हणाला. मग घाईघाईनं म्हणाला, "नाही, अठ्ठावीस."

आजोबांची बंदूक खुंटीवरून निघाली. बर्लनं एप्रन सोडलं, कुठं ठेवावं ते न सुचून लायलच्या हातात दिलं, आणि तो वाळूच्या पिशवीमागं बसला. पहिला बार झाला. ताट हललं. दुसऱ्याला परत हललं. नेड्रा तिसऱ्यापासून मोठ्यानं मोजू लागली. चौथ्याला बर्लनं बंदूक खाली घेऊन एकदा डोळे चोळले, आणि ते त्याच्या चष्म्यामुळं होतं असं सगळ्यांनी मानून घेतलं.

पाचवी गोळी ताटाच्या कडेला लागली. कडेला, पण ताटात.

"आत आहे!" नेड्रा ओरडली. "लायल, आत आहे ना रे? तू सांग, नियमवाल्या!"

दोघांनी वळून पाहिलं. लायल दारातल्या बाकावर बसला होता. बर्लचं एप्रन त्यानं बांधलं होतं. ते त्याला आखूड होत होतं. मापाचं दुसरं शेजारीच होतं, पण त्याला हेच बांधावंसं वाटलं असावं.

"आत आहे," तो म्हणाला आणि लाल फितीचं सोलणं त्यानं खिशातून काढलं. "सूपात आधी काय टाकतोस रे, कांदा की बीन्स?"