चावऱ्या पेटीची राणी

वीस वर्षं आम्ही मधमाश्यांच्या गरीब पेट्यांतूनच नव्या राण्या वाढवल्या आणि चावऱ्या पेटीची राणी दिसली की मारली. माश्या इतक्या शांत झाल्या की धाकटे दीर जाळी न घालताच मध काढायचे. यंदा गांधीलमाश्या आल्या, तेव्हा आमच्या माश्या दारात नुसत्या बसून राहिल्या. अकरा पेट्या ओस पडल्या. यंदाच चावरी निघालेल्या बाराव्या पेटीतल्या माश्या मात्र गांधीलमाश्यांवर तुटून पडल्या आणि वाचल्या.

त्यांनीच काल दिरांचा कान सुजवला. आज दीर चिमटा घेऊन आले.

“वहिनी, बाजूला व्हा. या अवदसेला संपवतो आणि शांत राणी विकत आणतो.”

“म्हणजे गांधीलमाश्यांना पुन्हा जेवायला बोलावता? भाऊजी, वंश आपणच बिघडवला. आता ओस पडलेल्या अकराही पेट्यांत हिच्याच लेकी राणी होतील.”

“आणि चावल्या म्हणजे?”

“दुसरा कान सुजेल. दोन्ही सारखे तरी दिसतील.”

“मी दादाला सांगतो!”

“खुशाल सांगा.”

मी झाकण लावलं आणि पेटीवरच बसले. दोन माश्या दंडाला डसल्या, तरी उठले नाही.