हंसांसाठी गोणपाट

आमच्या बाबांचं फरशीचं दुकान आहे, त्यामुळे आमच्या घरात चालणं ही कला आहे. पाहुणे दारात चपला काढतात आणि पुढच्या पावलाला सोफ्यापर्यंत आपोआप पोचतात. दुकानातली सगळ्यात गुळगुळीत फरशी बाबांनी घरभर लावली आहे, न्हाणीघरातसुद्धा. तिच्यात तोंड दिसतं. आईला आपलं तोंड एकदा फार जवळून दिसलं आणि खुब्याचं हाड मोडलं.

त्याआधी कित्येक वर्षं ती न्हाणीपुढे टाकायला एक साधं पायपुसणं मागत होती.

"फरशीवाल्याच्या घरात फरशी झाकायची?" बाबा म्हणायचे. "गिऱ्हाईक घरी आलं तर काय म्हणेल?"

गिऱ्हाईक कधी घरी आलं नाही. आलं असतं तर काही म्हणायच्या आधी पडलं असतं.

इस्पितळातून आई वॉकर घेऊन थेट मावशीकडे गेली. मावशीकडे खडबडीत कोबा आहे. आईबाबांचं भांडण झालं नाही, हीच खरी पंचाईत. झालं असतं तर मिटवता आलं असतं.

मागे उरलो मी, बाबा आणि आईने हौसेने पाळलेली पांढऱ्या हंसांची जोडी. नराला आम्ही जावईबापू म्हणतो. आयतं खातो, मान ताठ ठेवून फिरतो आणि कोणी जवळ गेलं की फुत्कारतो. मादीला नाव नाही, ती कामात असते. परसातल्या गवताच्या ढिगात ती अंडी उबवायला बसली तेव्हा आई फोनवर मला म्हणाली, "पिल्लं निघाली की बघायला येईन."

बाबांनी हे वाक्य झेललं. पिल्लं बघायला येईल म्हणजे घरी येईल, घरी येईल म्हणजे राहील. बाबा मोजमापात पक्के आहेत. खोलीच्या दारात उभं राहून किती फरशी लागेल ते सांगतात. आईच्या बाबतीत मात्र त्यांची नेहमी एक पेटी कमी पडते.

अंडी फुटायच्या आत त्यांनी परसातल्या खुराड्याला फरशी बसवली. कारागीर सुट्टीवर होता म्हणून स्वतः गुडघ्यांवर बसून. सगळ्यात भारी माल, कडेला नक्षीची पट्टी.

"बाबा, पिल्लं घसरतील."

"पाण्यातली जात आहे ती. आणि तुझ्या आईला दिसायला नको का, किती जीव लावलाय ते?"

पाच पिल्लं निघाली. ओल्या हळदीच्या रंगाची, आणि जगाबद्दल विनाकारण उत्सुक. आईने फोनवरून कामं सांगितली. "उगाच हात लावायचा नाही, त्यांना आईबाप आहेत. पाणी उथळ ताटलीत ठेव, आत खडे टाक, नाहीतर पिसं भिजून गारठतील. गवत कोवळं दे, बारीक कापून. मांजरावर लक्ष ठेव. आणि त्या दोघांच्या संसारात नाक खुपसू नकोस."

हे शेवटचं मी लहानपणापासून पाळत आले आहे.

हंस आपलं काम चोख करत होते. मादी पिल्लांना पंखाखाली घ्यायची, आणि जावईबापू मांजर, कावळा, पेपरवाला असा भेदभाव न करता सगळ्यांवर धावून जायचा. गवतात होती तोवर पिल्लं ठीक होती. मग बाबांनी सगळ्या कुटुंबाला खाण्याची लालूच दाखवून नव्या फरशीच्या खुराड्यात नेलं आणि दार लावलं.

दोनेक दिवसांत एक पिल्लू उठेना. त्याचे पाय दोन बाजूंना फाकले होते आणि ते पोटावर पडून वल्ही मारल्यासारखं करत होतं. मादी त्याला चोचीने ढकलायची की ते भिंतीपर्यंत घरंगळत जायचं. जावईबापू मदतीला धावला आणि मान ताठ ठेवूनच तिच्यापुढून सरळ घसरत गेला. मी हसले. मग आईला फोन केला.

ती त्याच दुपारी आली. घरात पाऊल न टाकता बाजूच्या बोळातून वॉकर टेकत परसात. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"ही कोणी लावली?" आईने खुराड्याकडे बघत विचारलं.

"मीच. वरच्या नंबरची आहे," बाबा म्हणाले.

"ते पिल्लू आणा इकडे."

बाबा पुढे झाले आणि जावईबापूने त्यांच्या मांडीचा चावा घेतला. आई "सर रे" म्हणाली आणि तो सरला. घरात तिचं इतकं कोणीच ऐकलेलं नव्हतं.

तिने आपल्या पायाला गुंडाळलेल्या क्रेप बँडेजच्या पट्टीतून एक अरुंद तुकडा कापून मला दिला. "दोन्ही पाय बांध, पण सैल. उभं राहता आलं पाहिजे, फाकता येता कामा नये. झालं की लगेच त्याच्या आईपाशी सोड. आणि खाली गोणपाट टाका, नाहीतर बाकीच्यांचंही हेच होईल."

बाबा पळाले. दुकानात माल झाकायला ठेवलेले गोणपाट खांद्यावर टाकून धापा टाकत आले, खुराडंभर अंथरले, कडा दुमडल्या, कोपरे दगडांनी दाबले. पिल्लू उभं राहिलं, पडलं, परत उभं राहिलं.

"झालं बघ," बाबा घाम पुसत म्हणाले. "आणखी काही हवं?"

आई गोणपाटाकडे बघत राहिली.

"पाच मिनिटं लागली," ती म्हणाली.

"हो ना. एवढंच तर होतं."

गोणपाटावर पाय रोवून उभा असलेला माणूस इतका पडू शकतो हे मला माहीत नव्हतं. त्यांनाही ते पडल्यावरच कळलं.

"एवढंच होतं," आई म्हणाली आणि वॉकर वळवला.

"चहा टाकलाय," बाबा म्हणाले.

"नको. ताई वाट बघत असेल."

बाबांनी मग दुकान बंद ठेवून अख्ख्या घरात गोणपाट अंथरले. आता आमच्याकडे कोणी घसरत नाही. जावईबापूला ही सोय लगेच कळली. तो सहकुटुंब आत येतो, सोफ्यापाशी बसतो आणि बाबा टीव्ही लावायला उठले की फुत्कारतो.

"तिला सांग," बाबा एकदा म्हणाले. "न्हाणीतसुद्धा टाकलंय म्हणावं."

मी फोन केला.

"पिल्लू चालतंय?" आईने विचारलं.

"पट्टी काढली. पळतंय."

"पाय फाकत नाहीत ना?"

"नाही. आई, बाबांनी घरभर गोणपाट टाकलंय. न्हाणीत पण."

पलीकडे मावशीच्या कुकरची शिट्टी झाली. आईने ती पूर्ण होऊ दिली.

"बरं केलं," ती म्हणाली. "पिल्लांना आत-बाहेर करायला बरं पडेल."

फोन ठेवला तेव्हा बाबा दारात उभे होते.

"काय म्हणाली?"

"बरं केलं म्हणाली."

त्यांनी मान हलवली आणि न्हाणीपुढच्या गोणपाटाचा दुमडलेला कोपरा पायाने सरळ केला.