मास्तरांची कंबर

मी टेप बोलतेय. शिंप्याच्या गळ्यात लोंबकळते ना, तीच. साठ इंच लांब, टोकाला पितळी पट्टी. माझे पहिले चार आकडे घासून पार पुसले गेलेत, तरी मापात अर्ध्या सुताचीही चूक होत नाही. ही बढाई नव्हे. माप बरोबर असूनही माणूस कसा हातचा जातो, ते सांगायचंय मला.

कारखान्यात माझ्यासारख्या हजार जणी एकदम छापल्या गेल्या. कोण कुठे गेली, कुणाला ठाऊक. मला मास्तरांनी घेतलं, गळ्यात अडकवलं, आणि अकरा वर्षं मी तिथेच राहिले. फक्त जेवायच्या वेळी ते मला मशीनच्या चाकावर टांगायचे.

मास्तर म्हणजे लाखातला माणूस, पण जिभेला हाड नाही. गिऱ्हाइकाच्या पोटाभोवती मला गुंडाळत म्हणायचे, "साहेब, असंच चाललं तर पुढच्या वर्षी दोन टेपा जोडाव्या लागतील बरं का!" साहेबही हसायचे. नजर मात्र मास्तरांची करडी. मापाच्या वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं पान, तारखेसकट.

एकदा शाळेतल्या एक बाई ड्रेस शिवायला आल्या. मास्तरांनी मला त्यांच्या डाव्या दंडाला लावलं, मग उजव्या, मग वही उघडून पुन्हा डाव्या. चेहरा गंभीर झाला. "बाई, हा हात मागच्यापेक्षा पाऊण इंच जास्त भरतोय. दुसरा आहे तेवढाच आहे. ड्रेसचं राहू द्या, आधी डॉक्टरांना दाखवा."

बाई रागावल्याच. "तुम्ही शिंपी आहात की वैद्य?" म्हणाल्या. पण दाखवलं. काखेत गाठ निघाली, आणि नशीब, वेळेवर निघाली. बऱ्या झाल्यावर फळांची पिशवी घेऊन आल्या आणि दुकानातच रडायला लागल्या. मास्तर उगीचच कात्री पुसत बसले.

अशा माणसाचं स्वतःचं पान त्या वहीत नव्हतं. आपलं माप आपल्याला पाठ असतं, ते काय लिहायचं?

एका दुपारी त्यांनी दोनतीनदा पॅन्ट वर ओढली आणि मला कमरेला गुंडाळलं. साडेचौतीस. "अरेच्चा! छत्तीस होती की," म्हणाले, आणि चक्क खूश झाले. मागची शिवण उसवली, कंबर आत घेतली, टीप मारली, इस्त्री फिरवली. पाच मिनिटांचं काम. दुसरा कुणी असता तर पट्ट्याला नवं भोक पाडताना तरी त्याच्या मनात पाल चुकचुकली असती. पॅन्ट घसरतेय म्हणून चार जणांत बोलला असता. मास्तरांच्या हातात कला होती, तीच नडली.

दोन महिन्यांनी तेहतीस. आता सगळ्याच पॅन्टा आत घेतल्या, शर्टही उसवून लहान केले. कपडे अंगावर चपखल बसलेले, मग बघणाऱ्याला कळणार तरी कसं? घरच्या माणसाला थोडं कळलं. बायको म्हणाली, "अहो, गालफडं बसलीत तुमची."

"अगं, लग्नात असाच होतो. तेव्हा तर आवडायचो."

ती लाजून हसली आणि विषय तिथेच संपला. त्या हसण्याबद्दल ती अजून स्वतःला बोल लावते.

डबा अर्धा परत जाऊ लागला. चार घास घेतले की पोट तट्ट. "उकाड्यानं जेवण जात नाही," म्हणायचे. उकाडा सरला, थंडी आली, डबा तसाच. मशीनवरून उठताना टेबलाला धरू लागले. सगळं अंगावर काढलं. कमरेचं माप प्रत्येक वेळी फक्त मागच्याशी ताडून पाहिलं, दीड-दोन इंच, त्यात काय एवढं! एकतीस भरली त्या दिवशी मला ओरडावंसं वाटलं, "मास्तर, ही कंबर गिऱ्हाइकाची असती तर?" पण मला तोंड कुठाय?

मग एका सकाळी बायको पॅन्ट उलटी करून धूत होती. आत तिला टिपांच्या तीन ओळी दिसल्या, तीन वेगळ्या दोऱ्यांच्या, आणि दुमडलेल्या कापडाचा हा जाड पट्टा. ती ओली पॅन्ट घेऊन तशीच दुकानात आली.

"हे काय आहे?"

"अगं, सैल झाली होती."

"पॅन्ट सैल होत नाही हो! माणूस होतो!"

गिऱ्हाईक उभं असतानाच तिनं शटर खाली ओढलं.

दवाखान्यात मी मास्तरांच्या खिशात होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?" सगळ्या गावाच्या मापांच्या तारखा लिहून ठेवणारे मास्तर, त्यांना एक तारीख सांगता येईना. तपासण्या झाल्या. दुखणं पोटात होतं आणि फार पसरलं होतं. "सहा महिन्यांपूर्वी आला असतात तर बरंच काही करता आलं असतं," एवढंच त्या म्हणाल्या.

शेवटी शेवटी खाटेवर पडल्या पडल्या मास्तर बायकोला म्हणाले, "दुसऱ्याच्या अंगाचं अर्धं सूत मला दिसायचं गं. स्वतःचे पाच इंच मी शिवून टाकले." तिनं त्यांचा हात दाबून धरला. चार दिवसांनी ते गेले.

आता दुकान तीच चालवते. मी तिच्या गळ्यात असते. परवा दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना ती मध्येच थांबली, भिंतीला हात टेकून. शेजारच्या घड्याळवाल्यानं विचारलं, "काय झालं काकू?"

"काही नाही रे, गुडघे."

गुडघे नव्हते ते. मी तिच्या छातीवर होते, आत काय धडधडत होतं ते मला कळलं. काल पुन्हा तेच. आज तर तिसरी पायरी चढायच्या आधी ती खालीच बसली आणि पदरानं घाम पुसून, कुणी पाहिलं नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघू लागली.

मला तोंड नाही, तुम्हाला आहे. कापड घेऊन याल तेव्हा ते पिशवीतच राहू द्या. तिला म्हणा, "काकू, शटर ओढा, आधी डॉक्टरांकडे चला." ती चिडेल, कामं पडलीत म्हणेल. ऐकू नका तिचं. हाताला धरून न्या.